एकर-गुंठे आणि हेक्टर-आर: जमिनीच्या क्षेत्राचे अचूक रूपांतर कसे करावे

गावात जमिनीचा विषय निघाला की हेक्टरमध्ये कोणीच बोलत नाही. बांधावर उभा असलेला शेतकरी "आपलं साडेतीन एकर" असे सांगतो, मध्यस्थ गुंठ्याचा भाव सांगतो, आजोबांच्या वाटणीपत्रात एकर, गुंठे आणि आणे असतात. ज्या ७/१२ उताऱ्यावर सगळा व्यवहार उभा राहायचा, त्यावर मात्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर छापलेले असतात. या दोन भाषांच्या मधल्या जागेत "एक हेक्टर म्हणजे अडीच एकर" आणि "एक आर म्हणजे एक गुंठा" अशी दोन सोयीची वाक्ये वर्षानुवर्षे वापरली जातात. बोलण्यापुरती ती चालतात. पैसे, वाटणी किंवा मोजणीचा प्रश्न आला की चालत नाहीत. कॅल्क्युलेटर नसतानाही हे रूपांतर अचूक कसे करावे आणि उताऱ्यावरील आकडा कसा वाचावा, हे येथे उदाहरणांसह मांडले आहे.

पाठ असावे असे मूळ माप

सगळ्याच्या मुळाशी गुंठा आहे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौकोन म्हणजे एक गुंठा, म्हणजेच १,०८९ चौरस फूट किंवा १२१ चौरस वार. असे ४० गुंठे मिळून एक एकर होतो, म्हणून एकराचे ४३,५६० चौरस फूट होतात. गुंठ्याचे सोळा भाग केले की त्यातील प्रत्येक भागाला आणा म्हणतात. तो ६८ चौरस फुटांपेक्षा किंचित जास्त भरतो.

हा आणा नेमका कसा दिसतो, हे जुन्या मोजणीच्या साखळीवरून समजते. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून ज्या जमाबंदीच्या, म्हणजे शेतसारा ठरवण्याच्या, मोजणीची घडी बसवली, त्या परंपरेतील साखळी ३३ फुटांची असे आणि तिचे सोळा आणे पाडलेले असत. म्हणजे लांबीचा एक आणा २ फूट पाऊण इंच होतो. एक साखळी लांब आणि एक आणा रुंद अशी चिंचोळी पट्टी डोळ्यांसमोर आणावी. तीच क्षेत्राचा एक आणा. अशा सोळा पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या की बरोबर एक गुंठा भरतो. भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या टिपणाची, म्हणजे मोजणीच्या वेळी मापांसह काढलेल्या कच्च्या आकृतीची, नक्कल घेतली आणि एखाद्या बांधावर "५-८" असा आकडा दिसला, तर त्याचा अर्थ पाच साखळ्या आठ आणे, म्हणजे साडेपाच साखळ्या, म्हणजे १८१ फूट ६ इंच किंवा ५५.३२ मीटर असा होतो. हीच लांबी असलेल्या आयताची रुंदी चार साखळ्या असेल, तर साडेपाच गुणिले चार, म्हणजे थेट २२ गुंठे. फुटांत जाण्याचीही गरज पडत नाही. या मापाची ही सोय मला आजही विलक्षण वाटते.

मेट्रिक बाजू त्याहून सोपी आहे. १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद चौकोन म्हणजे एक आर, म्हणजे १०० चौरस मीटर. असे १०० आर म्हणजे एक हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर.

आता दोन्ही बाजू जोडणारा आकडा पाहू. फूट म्हणजे नेमके ०.३०४८ मीटर, त्यामुळे एक गुंठा म्हणजे १०१.१७१४ चौरस मीटर. एवढा एकच आकडा लक्षात ठेवला, तर बाकीचे सगळे त्यातून काढता येते. एकर म्हणजे ४,०४६.८६ चौरस मीटर, म्हणजे ४० आर ४६.८६ चौरस मीटर. एक आर म्हणजे ०.९८८४ गुंठे. एक हेक्टर म्हणजे ९८.८४ गुंठे, म्हणजे २ एकर १८ गुंठे आणि साधारण साडेतेरा आणे.

या शेवटच्या आकड्यावर थोडे थांबावे. अडीच एकर म्हणजे १०० गुंठे, आणि हेक्टर त्यापेक्षा १.१६ गुंठ्यांनी, म्हणजे सुमारे १,२६१ चौरस फुटांनी लहान आहे. प्रत्येक हेक्टरमागे एका लहान घराच्या जागेएवढा हा फरक आहे. "आर म्हणजे गुंठा" हे वाक्यही वेगळे नाही. तीच चूक शंभराव्या हिश्शात विभागलेली असल्यामुळे डोळ्यांत भरत नाही, इतकेच. भाव गुंठ्याला ५ लाख रुपये ठरला असेल आणि उताऱ्यावरचे २० आर हे २० गुंठे समजून पैसे मोजले, तर खरेदीदार प्रत्यक्षात १९.७७ गुंठे जमीन घेतो आणि एक लाख पंधरा हजारांहून अधिक रुपये जास्त देतो. म्हणून इसारपावती करतानाच भाव कोणत्या एककाचा आहे आणि कोणते क्षेत्र धरले आहे, हे दोन्ही लिहून घ्यावे.

उताऱ्यावरचा आकडा वाचणे

शेतजमिनीच्या ७/१२ वर क्षेत्र "हे.आर.चौ.मी." या क्रमाने असते. १.३७.५० असे लिहिले असेल, तर १ हेक्टर ३७ आर ५० चौरस मीटर. येथे प्रत्येक टप्पा शंभराचा असल्यामुळे हा आकडा दशांश अपूर्णांकासारखा वागतो; मात्र दोन अंकांची जागा पाळावी लागते. ५ आर हे ०.०५ असे लिहिले पाहिजे. ते ०.५ असे वाचले किंवा लिहिले, तर पन्नास आर होतात. बिनशेती जमिनीच्या उताऱ्यावर एकक "आर.चौ.मी." असते, त्यामुळे तेथील ३.५० म्हणजे साडेतीन हेक्टर नव्हे, तर ३ आर ५० चौरस मीटर. आकडा पाहण्याआधी एकक पाहावे, ही सवय लावून घेतली पाहिजे.

एकर-गुंठ्यांचे तसे नाही. तेथे टप्पा चाळीसचा आहे. जुन्या कागदात "३-२०" किंवा कोणी लिहिलेले "३.२०" म्हणजे तीन एकर वीस गुंठे, अर्थात साडेतीन एकर; तीन पूर्णांक दोन दशांश एकर नव्हे. गुंठ्यांचा आकडा कधीही ३९ च्या पुढे जात नाही, म्हणून "२.७५ एकर" असे दिसले की तो दशांश आकडा आहे हे लगेच ओळखावे, त्याचे २ एकर ३० गुंठे होतात. बेरीज करतानाही हीच काळजी घ्यावी: १ एकर ३५ गुंठे आणि २ एकर ३० गुंठे मिळून ४ एकर २५ गुंठे होतात, कारण ६५ गुंठ्यांतून ४० गुंठ्यांचा एक एकर पुढे जातो. जुन्या मध्य प्रांताकडील कागदांत एकराचे शंभर भाग करून डिसमिलमध्ये क्षेत्र दिलेले आढळते, तेथे ३.२५ म्हणजे खरोखरच सव्वातीन एकर, आणि एक डिसमिल म्हणजे ४३५.६ चौरस फूट. कागद कोणत्या भागातला आहे, हे पाहिल्याशिवाय टिंबाचा अर्थ लावू नये. कर्नाटकातील पहाणीपत्रकावर आजही एकर-गुंठेच असतात, तर गोव्यातील एक-चौदाच्या उताऱ्यावर हेक्टर-आर असतात. त्यामुळे बेळगाव, सिंधुदुर्ग आणि पेडणे येथे जमीन असलेल्या एकाच कुटुंबाला दोन्ही पद्धती लागतात.

उताऱ्यावर क्षेत्राचे आणखी दोन भाग पडतात. लागवडयोग्य क्षेत्र वेगळे दाखवलेले असते आणि पोटखराब वेगळे. पोटखराबाचा वर्ग (अ) म्हणजे लागवडीला अयोग्य असलेला भाग. वर्ग (ब) म्हणजे रस्ता, पायवाट, ओढा, तलाव अशा सार्वजनिक कामात असलेला भाग. रूपांतर करताना एकूण क्षेत्राचे करायचे की लागवडयोग्य क्षेत्राचे, हे आधी ठरवावे. "साडेतीन एकर" म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा नांगराखालची जमीन असते, आणि उताऱ्याच्या एकूण क्षेत्रात ओढाही धरलेला असतो.

प्रत्यक्ष रूपांतर

हेक्टर-आरवरून एकर-गुंठ्यांवर यायचे असेल, तर आधी सगळ्याचे चौरस मीटर करावेत, मग १०१.१७ ने भागून गुंठे काढावेत, आणि शेवटी गुंठ्यांना ४० ने भागून एकर काढावेत. समजा उताऱ्यावर १.३७.०० आहे. त्याचे १३,७०० चौरस मीटर झाले. १०१.१७ ने भागल्यावर १३५.४१ गुंठे आले. त्यातून तीन एकरांचे १२० गुंठे वजा केले की १५.४१ गुंठे उरतात. पूर्ण पंधरा गुंठे बाजूला ठेवून ०.४१ ला सोळाने गुणले, तर साडेसहा आणे येतात. उत्तर: ३ एकर १५ गुंठे साडेसहा आणे. अडीच एकराच्या हिशेबाने हीच जमीन ३ एकर १७ गुंठे सांगितली गेली असती.

उलट बाजूने, वाटणीपत्रात ४ एकर २७ गुंठे ८ आणे असतील, तर आधी सगळ्याचे गुंठे करावेत: १६० अधिक २७ अधिक अर्धा, म्हणजे १८७.५. त्याला १०१.१७१४ ने गुणले की १८,९६९.६४ चौरस मीटर येतात. उजवीकडून दोन-दोन अंक तोडले, की १ हेक्टर ८९ आर ६९.६४ चौरस मीटर हे उत्तर तयार होते.

बांधावर कागद-पेन्सिलही नसेल, तर एक तोंडी रीत सांगतो. ती मी स्वतः रोज वापरतो. आरचे गुंठे करायचे असतील तर त्यातून एक टक्का वजा करावा, आणि त्या एक टक्क्याचा सहावा भागही वजा करावा. १३७ आरचा एक टक्का १.३७, त्याचा सहावा भाग ०.२३, मिळून १.६०, उरले १३५.४०. वरच्या अचूक उत्तराशी हे जवळजवळ तंतोतंत जुळते. गुंठ्यांचे आर करायचे असतील तर तेवढेच मिळवावे: १८७.५ मध्ये १.८७ आणि ०.३१ मिळवले की १८९.६८ आर येतात, आणि अचूक उत्तर १८९.७० आहे. शहरी प्लॉटसाठी चौरस मीटरला १०.७६४ ने गुणले की चौरस फूट मिळतात. "गुंठ्याचा प्लॉट" विकत घेताना त्याचे १,०८९ चौरस फूट अंतर्गत रस्ता धरून आहेत की सोडून, हे विचारावेच.

संख्या पूर्ण करायची ती फक्त शेवटी, आणि एकदाच. प्रत्येक पायरीवर आकडा गोल केला की चूक वाढत जाते. हे किती महत्त्वाचे आहे, ते मी आमच्या घरच्या वाटपात शिकलो. आजोबांच्या चार एकरांची चार भावांत एकेक एकर अशी वाटणी जुनीच होती. एका एकराचे ४०.४७ आर होतात, पण उताऱ्यावर क्षेत्र पूर्ण आरमध्ये उतरल्यामुळे प्रत्येक भावाच्या नावे ०.४० लागले. चौघांचे मिळून १.६० झाले. मूळ चार एकरांचे मात्र १६१.८७ आर, म्हणजे १.६२ होतात. ते दोन आर कोणी खाल्ले, यावरून दोन चुलत्यांचे बोलणे काही वर्षे बंद होते. जमीन एक इंचही हललेली नव्हती. बांध होता तिथेच होता. चार जागी सत्तेचाळीस-सत्तेचाळीस चौरस मीटर सुटले होते आणि त्यांची बेरीज दोन आरच्या घरात गेली होती. शेजाऱ्यावर संशय घेण्याआधी असा हिशेब एकदा करून पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

म्हणून जुने आणि नवे क्षेत्र जुळत नसेल, तर आधी फरक मोजावा. तो प्रत्येक हिश्शामागे अर्ध्या आरच्या आत असेल, तर बहुधा तो आकडा पूर्ण केल्याचा परिणाम असतो. दशमान पद्धत लागू करताना एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर आणि रुपये-आण्यांचे रुपये-पैसे करण्यासाठी फेरफार नोंदी घातल्या गेल्या. आपल्या गटाला लागू असलेली ती नोंद काढून जुना आकडा नव्याशी ताडून पाहावा. फरक त्याहून मोठा असेल, तर सर्व हिश्शांची बेरीज आकारबंदातील (क्षेत्र आणि शेतसाऱ्याच्या मूळ नोंदवहीतील) क्षेत्राशी जुळते का ते तपासावे. आकडा उतरवताना झालेली लेखनातील चूक महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली दुरुस्त करून मागता येते. प्रत्यक्ष ताब्यातील जमीनच कमी भरत असेल, तर मात्र ते रूपांतराचे काम राहत नाही. त्याला मोजणीचाच अर्ज करावा लागतो.

आण्याचे तीन अर्थ

जुन्या कागदांत सर्वांत जास्त घोटाळा "आणे" या शब्दाने होतो, कारण तो एकाच पानावर तीन अर्थांनी येतो. क्षेत्राच्या रकान्यात आणा म्हणजे गुंठ्याचा सोळावा भाग. आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) रकान्यात आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, आणि त्याचा जमिनीच्या मापाशी काहीही संबंध नाही. खातेदाराच्या नावापुढे "०-५-४" असे असेल, तर तो हिस्सा आहे: संपूर्ण मालकी सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे एकूण १९२ पै. पाच आणे चार पै म्हणजे ६४ पै, अर्थात बरोबर एक तृतीयांश. वरचाच १.३७.०० चा गट घेतला, तर या खातेदाराच्या वाट्याला ४५ आर ६७ चौरस मीटर येतात, म्हणजे १ एकर ५ गुंठे आणि सुमारे २ आणे. "पाच आणे चार पै" वाचून तेवढीच पाच-सव्वापाच आणे जमीन समजणारे लोक मला भेटले आहेत. त्या समजुतीने एकरभर जमिनीचा हक्क साडेतीनशे चौरस फुटांवर येऊन बसतो.

इनामाच्या सनदांत आणि जुन्या दफ्तरांत बिघा आणि चाहूर येतात. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि एकशे वीस बिघ्यांचा चाहूर, असे ते कोष्टक होते. काठी हात आणि मुठींनी ठरत असल्यामुळे बिघा सगळीकडे सारखा नव्हता. आजही बंगालचा बिघा १,६०० चौरस वारांचा आहे, तर उत्तरेकडे अनेक ठिकाणी तो ३,०२५ चौरस वारांचा धरतात. त्यामुळे सनदेतील बिघ्यांना इंटरनेटवरच्या एखाद्या आकड्याने गुणू नये. त्याच जमिनीला पुढे मिळालेला सर्व्हे नंबर शोधावा, त्याचे एकर-गुंठ्यांतील क्षेत्र पाहावे, आणि जमिनींच्या एकत्रीकरणात (लहान तुकडे जोडून गट केले तेव्हा) त्याचा कोणता गट झाला ते त्या योजनेच्या नऊ-तीन, नऊ-चारच्या उताऱ्यावरून पुढे आणावे.

टेपने मोजून क्षेत्र काढताना

रूपांतर अचूक झाले तरी मूळ माप चुकले असेल, तर उपयोग नाही. आयताकृती शेत असेल तर काम सोपे आहे: फुटांत मोजल्यास गुणाकाराला १,०८९ ने भागून गुंठे मिळतात आणि मीटरमध्ये मोजल्यास १०० ने भागून आर मिळतात. १९८ फूट गुणिले १६५ फूट म्हणजे ३० गुंठे. पण वेड्यावाकड्या चौकोनाच्या समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करण्याची जी पद्धत गावोगावी रूढ आहे, ती नेहमी क्षेत्र फुगवते. एका शेताच्या बाजू क्रमाने ३८.४, ५५.५, ४६.८ आणि ५४.६ मीटर आहेत असे समजू. सरासरीने २,३४५ चौरस मीटर येतात. त्याच शेताचा एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण ८० मीटर आहे, आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांपासून त्यावर टाकलेले लंब २४ आणि ३१ मीटर आहेत. लंबांची बेरीज ५५, तिला ८० ने गुणून निम्मे केले की खरे क्षेत्र २,२०० चौरस मीटर येते, म्हणजे २२ आर किंवा २१ गुंठे १२ आणे. सरासरीने जवळजवळ दीड गुंठा हवेतून निर्माण केला होता. शंकू (काटकोन साधण्याचे साधन) आणि साखळीने मोजणारे पूर्वीपासून कर्ण आणि लंबच घेत आले आहेत, त्याचे कारण हेच.

उताराच्या जमिनीवर, विशेषतः कोकणातील वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवर, टेप जमिनीला टेकवून धरू नये. नकाशावरचे अंतर आडवे असते. उतारावरून ३० मीटर आलेले अंतर, चढ १० मीटर असेल तर, आडवे केवळ २८.३ मीटर भरते. टेप समपातळीत ताणून टप्प्याटप्प्याने मोजावा. मोबाइलवरच्या ॲपने बांधावरून फिरून काढलेले क्षेत्र पेरणीच्या बियाण्याचा किंवा फवारणीचा अंदाज घ्यायला पुरते. गुंठ्याच्या भावाने व्यवहार करायला ते पुरत नाही.

खरेदीखतात क्षेत्र लिहिताना उताऱ्यावर जसे आहे तसेच हेक्टर, आर, चौरस मीटरमध्ये आधी लिहावे आणि एकर-गुंठ्यांतील आकडा त्यापुढे "म्हणजेच सुमारे" असे म्हणून द्यावा. दोन्ही आकडे समान दर्जाने लिहिले आणि ते एकमेकांशी जुळले नाहीत, तर कोणता खरा, हा वाद आपणच कागदावर पेरलेला असतो. गटातील काही भागच विकत घेत असल्यास चतुःसीमा आणि बाजूंची मापेही मीटरमध्ये द्यावीत. तुकडेबंदी कायद्यातील प्रमाणभूत क्षेत्राच्या (ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही, त्या किमान क्षेत्राच्या) अगदी काठावर व्यवहार असेल, तर गुंठे आणि आर यांतील सव्वा टक्क्याच्या आतला फरकही निर्णायक ठरू शकतो, म्हणून तेथे तोंडी रीत न वापरता १०१.१७१४ हाच आकडा घेऊन, दोन माणसांनी वेगवेगळा हिशेब करून, तो ताडून पाहावा.